अडीच अंशांवरचं ग्रहण: बेळगावहून मायोर्काला जाणाऱ्यांसाठी

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला सोपं. बुधवार, १२ ऑगस्ट २०२६. स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहरात, संध्याकाळी ७:३८ च्या सुमाराला चंद्र सूर्याला शिवणार. ८:३१ ला खग्रास लागणार, ते टिकणार ९६ सेकंद. आणि ८:४९ च्या आसपास सूर्य बुडणार, ग्रहण पुरतं सुटायच्या आतच. आपले पंचांगवाले ह्याला ग्रस्तास्त म्हणतात. तिथले ८:३१ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे बारा वाजून एक मिनिट, तारीख १३ लागलेली. त्यामुळं बेळगावात गच्चीवर चढून काही दिसणार नाही, हे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

मी उद्यमबागेतला लेथवाला. आता शॉप मुलगा बघतो, पण आयुष्य मायक्रॉनमध्ये गेलेलं, त्यामुळं कुणी "सूर्य जरा खाली असेल" म्हटलं की मी विचारतो, जरा म्हणजे किती? शहापूरची दोन घरं, खानापूरचे मामा-मामी आणि निपाणीची मावसबहीण असे आम्ही निघायलोय. सगळे फोनवर तेच तेच विचारतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर आनंदच.

सगळ्या बेताचा खुंटा एकच आहे: खग्रासच्या वेळी पाल्मात सूर्य क्षितिजापासून फक्त अडीच अंश वर असणार. अडीच अंश म्हणजे सूर्याची पाच बिंबं एकावर एक रचली तर होईल एवढी उंची. हात सरळ लांब करून बोट आडवं धरा, दीड बोट भरेल. ह्याचं गणित लेथवरच्या टेपरचंच. टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, अडीच अंशांचा टॅन ०.०४४. तुमच्यापासून एक किलोमीटरवर ४४ मीटर उंचीची टेकडी असेल, तर सूर्य तिच्या मागं गेला. शंभर मीटरवर साडेचार मीटर उंचीचं काहीही, एखादं झाड, एखादं दुमजली घर, तरी गेला. एवढ्या लांब जाऊन झाडामागचं ग्रहण बघायचं नसेल, तर आधी जागा ठरवा, मग हॉटेल, मग तिकीट. टूरवाले उलटं करतात. स्वस्तातलं हॉटेल धरतात आणि "बीच समोरच आहे" म्हणतात. पण बीच कुठल्या दिशेला?

दिशा पण आकड्यातच घ्या. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजत गेलं की पश्चिम येते २७० वर. खग्रासच्या वेळी सूर्य असणार साधारण २८७ वर, म्हणजे पश्चिमेपासून सतरा अंश उत्तरेकडं सरकून. फोनमधल्या होकायंत्रावर हा आकडा दिसतो.

आता मायोर्काचा नकाशा उघडा. बेटाच्या वायव्य कडेनं सेर्रा दे त्रामुन्ताना ही डोंगररांग लांबच्या लांब पसरलेली आहे. सर्वांत उंच शिखर पुइग मायोर, चौदाशे मीटरच्या वर. बरोबर ज्या दिशेला आपल्याला बघायचंय, त्याच दिशेला ही भिंत. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला हे समजावायला लागत नाही. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत सूर्य कॅलेंडरमधल्या वेळेआधीच जातो. पाल्मा शहराचा समुद्र दक्षिणेकडं उघडा आहे आणि पश्चिमेला टेकड्या आहेत. म्हणजे शहरात, बंदरावर, कॅथेड्रलसमोर उभं राहिलात तर काळोख होईल, पण कोरोना, म्हणजे काळ्या चंद्राभोवती दिसणारं सूर्याचं प्रभामंडळ, दिसेलच असं धरून चालू नका. मुक्काम पाल्मात करा हवं तर, तिथनं बस-गाड्या मिळतात. ग्रहणाच्या वेळी मात्र तिथं नसा.

बघायचं ते डोंगररांगेच्या पलीकडनं, समुद्राच्या बाजूनं. आंद्राच गावापासून पोयेन्सापर्यंत एमए-१० नावाचा घाटरस्ता जातो. त्यावर एस्तेयेन्क्स, बान्यालबुफार, वायदेमोसा, देइया अशी गावं. बान्यालबुफारजवळ जुना टेहळणी बुरूज आहे, समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला. बुरूज कुठं बांधायचा हे जसं आपल्या गडकऱ्यांना कळत होतं तसं त्यांनाही. त्यामुळं असे बुरूज ही खुणेची जागा समजायला हरकत नाही. सांत एल्म गाव पश्चिम टोकाला आहे, नावावर भुलून बरेच जण तिकडं जातील. पण त्याच्या समोर ड्रागोनेरा नावाचं डोंगराळ बेट आडवं आहे. २८७ च्या रेषेवर ते येतं का, हे तुमच्या नेमक्या जागेवरनं नकाशावर पट्टी ठेवून बघा.

जागा नक्की करायची माझी रीत अशी. सॅटेलाइट नकाशावर जागेपासून २८७ अंशांची रेघ ओढायची. ती थेट पाण्यात गेली पाहिजे आणि वाटेत जमीन लागली तर तिची उंची भागिले अंतर काढायचं. उत्तर ०.०४४ च्या खाली आलं तर सूर्य वर राहील. मी ०.०२ च्या वरची जागा सोडून देतो. सूर्य तिथं उभा नसतो, तो उजवीकडं तिरका घसरत खाली येत असतो, त्यामुळं २८५ ते २९० एवढा सगळा तुकडा मोकळा पाहिजे.

ह्याची तालीम आपल्याकडंच होते. १२ ऑगस्टला सूर्याची जी क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला-दक्षिणेला आहे तो आकडा) असते, जवळपास तीच १ मेच्या सुमाराला असते, आणि १ मेला आपल्याकडं आभाळ बहुतेक मोकळं असतं. ऑगस्टात बेळगावात सूर्य शोधायला लागतो. १ मे म्हटल्यावर आपल्या सीमाभागात आणखी काय काय आठवतं ते जाऊ दे. संध्याकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. होकायंत्र धरा, सूर्य २८५ च्या जवळ बुडताना दिसेल. बुडायच्या आधी दीड बोट उंचीवर तो कसा दिसतो ते नीट बघा: लाल, पसरट, कडा थरथरणाऱ्या. ग्रहणाच्या दिवशी हाच सूर्य आहे, फक्त आपण ३९ अक्षांशावर असू. तिथं तो जास्त तिरका उतरतो, म्हणून आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतो. इथं अडीच अंशांवरनं बुडायला चौदा-पंधरा मिनिटं, तिथं अठराच्या घरात. मामींना मी गडावर नेऊन हे दाखवणार आहे, कारण त्यांचा अजून विश्वास नाही. "एवढा पैसा घालून मावळता सूर्यच बघायचा होय? तो काय खानापुरात दिसत नाही?" असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. स्पेनच्या मुख्य भूमीवर सूर्य जास्त वर असतो. ओव्हिएदोत दहा अंश, आणि खग्रास पावणेदोन मिनिटांच्या वर. बुर्गोसलाही पावणेदोनच्या जवळ. माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन्ही मोठी शहरं मात्र पट्ट्याच्या जरा बाहेर राहतात, तिथं थांबून "नव्याण्णव टक्के दिसलं की" असं समाधान करून घेऊ नका. नव्याण्णव टक्क्यांत कोरोना दिसत नाही. १९८० च्या १६ फेब्रुवारीला कारवार-अंकोल्यापासून हुबळी-रायचूरपर्यंत खग्रासचा पट्टा गेला. आम्ही बेळगावकर कडेला राहिलो, आणि आज्जीनं तर खिडक्या पण उघडू दिल्या नाहीत. हुबळीवाल्यांनी जे बघितलं आणि आम्ही जे बघितलं ते एकाच ग्रहणाचं होतं असं म्हणवत नाही. २०१९ च्या डिसेंबरात मंगळूरला जाऊन कंकणाकृती बघितलं, सुंदर होतं, पण कंकणाकृतीत चश्मा एक क्षणही काढता येत नाही. खग्रास ते खग्रासच.

मग बेटच का? ऑगस्टात भूमध्य समुद्रावर पाऊस फार कमी, हे एक. पण खरं कारण पाणी. समुद्राचं क्षितिज सपाट असतं, आणि उंच कड्यावर उभं राहिलं तर चंद्राची सावली पाण्यावरनं आपल्याकडं धावत येताना दिसण्याची शक्यता असते. मुख्य भूमीवर ते मिळायला डोंगरमाथा गाठायला लागतो. धोकाही सांगतो. अडीच अंशांवर आपण हवेच्या फार लांब थरातनं बघत असतो. डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी शंभर किलोमीटरवरचा एखादा ढगाचा पट्टा क्षितिजावर आडवा येऊ शकतो. कधी सहारातली धूळ येऊन सगळं पिवळट होतं. ज्याला जोखीम नको त्यानं ओव्हिएदो-बुर्गोसकडं जावं, मी आडवणार नाही. मला समुद्रच पाहिजे.

बालेआरिक बेटांतली बाकीची तीन पण पट्ट्यात आहेत. इबिझा नैर्ऋत्येला, तिथं सूर्य किंचित वर असतो पण खग्रास मिनिटाच्या आसपासच. सांत अंतोनीचा पश्चिम किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्धच आहे, आणि गर्दीसाठीही. फोर्मेन्टेरा लहान. मिनोर्का माझ्या मनात घोळत होतं: बेट सपाट, सर्वांत उंच टेकडी साडेतीनशे मीटरची आणि तीही बेटाच्या मध्यात, सिउतादेया गावाजवळचा पुन्ता नाती दीपस्तंभ वायव्य टोकावर. घाटरस्ता नाही, म्हाताऱ्या माणसांना बरं. सूर्य मात्र तिथं आणखी खाली. आम्ही मायोर्का धरलं, पण गुडघे दुखणारी मंडळी जास्त असतील तर मिनोर्काचा जरूर विचार करा.

कागदपत्रांत मी फार वेळ घालवत नाही, सगळीकडं लिहिलेलं असतं. स्पेनला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून. फी मोठ्यांना ९० युरो. निदान तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम तपासावी: नावं. पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', आधारवर 'बेळगावी', लग्नाचा दाखला कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीतनं इंग्रजी केलेलं आडनाव आणि रेशनकार्डावर कन्नडमधनं इंग्रजी केलेलं तेच आडनाव वेगळ्या स्पेलिंगनं. शहराचं नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदललं, ते कुणाला समजावून सांगता येतं. स्पेलिंगचं मात्र अर्जाच्या आधी एकसारखं करून घ्या. कन्नड कागदाचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडनं करून ठेवा. शेतीचा उतारा उत्पन्नासाठी जोडणार असाल तर त्याचंही. पत्ता कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा ह्यावर अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा ते ठरतं, म्हणून चंदगडचा पाव्हणा आणि बेळगावचा पाव्हणा एकाच दिवशी एकाच ठिकाणी जाऊ असं गृहीत धरू नका.

ऑगस्टचा प्रवास म्हटलं की युरोपाआधी आपला घाट आठवायचा. गोव्याच्या विमानतळावरनं जाणार असाल तर चोर्ला घाटात दरड कोसळली की संपलं. लोंढ्याच्या पुढं रेल्वेचंही तेच. सांबऱ्याहून मुंबई किंवा बेंगळुरूला विमानानं जायचं म्हटलं तरी पावसात उशीर ठरलेला. पुढच्या विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलेले असा. भारतातनं पाल्माला सरळ विमान नाही, आखातात नाहीतर युरोपात बदलायला लागतं. बार्सिलोनापर्यंत विमान आणि तिथनं रात्रीच्या फेरीबोटीनं पाल्मा, हाही चांगला रस्ता. बॅगांचं वजन कुणी करत बसत नाही. बेटावर ९ तारखेपर्यंत पोचा. १० आणि ११ ला ठरवलेल्या जागेवर संध्याकाळी आठला जाऊन उभं राहायचं, सूर्य नेमका कुठं येतो ते डोळ्यांनी बघायचं, आणि लघवीची सोय कुठं आहे तेही. हसू नका. मामा मधुमेहाचे आहेत.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर आरटीओतनं आंतरराष्ट्रीय परवाना काढा. चोर्ल्यात गाडी मारली म्हणून फुशारकी नको, तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं आणि एमए-१० अरुंद आहे, गाड्या लावायला जागा मोजकी. ग्रहणाच्या दिवशी तो रस्ता तुंबणार, कदाचित अडवलाही जाईल. दुपारी बाराच्या आत जागेवर पोचायचं आणि दिवस तिथंच काढायचा. टोप्या, छत्र्या, माणशी तीन लिटर पाणी. डोंगर ऑगस्टात वाळून कोळ झालेला असतो, काडी ओढायची नाही, चहासाठी स्टोव्हसुद्धा नाही.

आता डोळ्यांचं. ह्यात मला अधिकार आहे असं समजा. आयएसओ १२३१२-२ हा शिक्का असलेले ग्रहणाचे चश्मे भरवशाच्या दुकानातनं घ्या. वेल्डिंगची काच चालते, पण फक्त १४ नंबरची. काचेच्या कोपऱ्यात नंबर उठवलेला असतो, बारीक असतो, उजेडाकडं तिरकी धरली की दिसतो. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळते ती १० किंवा ११ ची, आर्क वेल्डिंगची. ती सूर्याला पुरत नाही. दोन काचा जोडून चालवू असं आमच्या शॉपमधली पोरं म्हणतात, मी हो म्हणत नाही. १४ ची सांगून मागवा. फाउंड्रीत भट्टीत बघायला जो निळा चश्मा असतो, तो तर अजिबात नाही. तो भट्टीतल्या रसाच्या रंगावरनं अंदाज घेण्यासाठी आहे. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीत हळदीचं पाणी घालून त्यातलं प्रतिबिंब, हे सगळं घरी ठेवा. परातीत मुसळ उभं करायचं असेल तर करा, त्यानं डोळ्याला काही होत नाही.

इथं ह्या ग्रहणाची खास मेख आहे. सूर्य एवढा खाली आणि लालसर असेल की चश्म्याशिवाय बघवतो असं वाटेल. खग्रास लागेपर्यंत तरीही चश्मा काढायचा नाही. आणि उलटही खरं: चश्म्यातनं तो लाल सूर्य फारच फिका दिसेल, गेला की काय असं वाटेल, तेव्हा घाबरून चश्मा फेकू नका. शेवटचा ठिपका, म्हणजे हिऱ्याची अंगठी, विझली की चश्मा खाली. पुन्हा उजव्या-डाव्या कुठल्याही कडेला उजेडाचा टिंब फुटला की चश्मा वर.

मधले ९६ सेकंद. फोटो काढू नका हे सांगून कुणी ऐकणार नाही, म्हणून तडजोड सांगतो: एक फोन दगडाला टेकवून व्हिडिओवर लावून द्या, सगळ्यांचे चेहरे आणि आरडाओरडा येऊ दे, सूर्य आला तर आला. ७ बाय ५० ची किंवा १० बाय ५० ची दुर्बीण असेल तर फक्त खग्रासातच, फिल्टरशिवाय, आणि एकानं घड्याळ बघत ऐंशी सेकंदांना मोठ्यानं "बस" म्हणायचं. ते काम मी घेतलंय. डावीकडं, बरंच वर, शुक्र दिसेल. सूर्य लालसर असल्यानं कोरोनाही चित्रातल्यासारखा पांढराशुभ्र असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तोंडानं वर्णन करत बसू नका, शेजारच्याला दंडाला धरून दाखवा.

खाण्याचं. त्या दिवशी आषाढ अमावास्या, घरी दिव्यांची पूजा आणि बाकीच्यांची गटारी. ग्रहण भारतात दिसत नाही म्हणून इथं वेध पाळायचं कारण नाही. पण मामींनी लगेच पकडलं: "इथं दिसत नाही, पण आम्ही तिथं असणार की!" त्यावर तोड अशी निघाली: सहापर्यंत सगळ्यांनी जेवून घ्यायचं, मामांनी गोळी घेऊन, आणि खग्रासानंतर ज्याला आंघोळ पाहिजे त्याला खाली समुद्र आहेच, पण अंधारात कड्यावरनं कुणी उतरायचं नाही. बरोबर चपात्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. कुंदा न्यायचा नाही. तो आटवलेलं दूध, आणि बाहेरच्या देशांतनं युरोपात दुधाचे नि मटणाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. विमानतळावर टाकून द्यायला लागला तर जिवाला लागेल.

सूर्य बुडाला की सगळे एकदम गाड्यांकडं धावणार. तुम्ही बसून राहा. अमावास्येची रात्र आहे आणि १२-१३ ऑगस्ट हा पर्सिड उल्कांच्या भराचा काळ. दहा-साडेदहापर्यंत रस्ता मोकळा होईल तोवर चटई टाकून आडवं व्हा. माणशी एक बॅटरी मात्र पाहिजे, फोनचा टॉर्च धरू नका, दिवसभरात फोन मेलेला असतो.

ज्यांना ह्या खेपेला जमत नाही त्यांनी २ ऑगस्ट २०२७ धरून ठेवा. तेव्हा इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास सहा मिनिटांच्या वर, सूर्य जवळजवळ डोक्यावर, टेकडीचा प्रश्नच नाही. प्रश्न उन्हाचा. मामी म्हणतात ते जास्त बरं. त्यांचा पासपोर्ट दोन्हीला चालेल, तो आधी काढून होऊ दे.